टास्कबारवर ब्राउझर दिसतो, पडद्यावर विंडो येत नाही: दुरुस्ती करावी की दुसरा ब्राउझर घ्यावा?

प्रश्न: ओळीमागून ओळ

नमस्कार.

मी पुण्यात राहते आणि घरूनच अनुवादाचे काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास ब्राउझरमध्येच जातात. एका विंडोत मूळ मजकूर व अनुवादाची चौकट आणि दुसऱ्या विंडोत शब्दकोश व संदर्भाची पाने, अशी माझी मांडणी कित्येक वर्षांपासून ठरलेली आहे. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला असून त्यावर विंडोज ११ आहे.

गेल्या तीन आठवड्यांपासून पुढील अडचण येत आहे. सकाळी ब्राउझर सुरू केला की टास्कबारवरील चिन्हाखाली रेघ उमटते. चिन्हावर कर्सर नेला तर विंडोचे छोटे चित्र वर येते आणि त्या चित्रात पान व्यवस्थित उघडलेले दिसते. प्रत्यक्ष क्लिक केल्यावर मात्र पडद्यावर काहीही येत नाही. ब्राउझर बंद पडलेला नाही, कारण एकदा त्यातील ध्वनिफीत वाजत असल्याचे ऐकू आले. कधी कधी तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर विंडो येते, पण ते नेमके कशामुळे होते हे मला कळलेले नाही.

मी केलेले उपाय: लॅपटॉप पुन्हा सुरू केला, साठवलेली तात्पुरती माहिती पुसली, आणि शेवटी ब्राउझर काढून टाकून नव्याने बसवला. काहीही फरक पडला नाही. मग कंटाळून दुसरा ब्राउझर बसवला. तो तीन दिवस उत्तम चालला आणि चौथ्या दिवशी त्यानेही तेच केले. दोन्ही ब्राउझरांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतले की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि वाद सुरू होतो. दोन्ही क्रोमियमवर (क्रोमचाही पाया असलेल्या खुल्या प्रकल्पावर) आधारलेले आहेत, एवढे सांगणे पुरेसे ठरावे.

याशिवाय दोन बारीक तक्रारी आहेत. लॅपटॉप झोपेतून उठवला की विंडो अधूनमधून संपूर्ण पांढरी दिसते आणि ती लहान करून पुन्हा मोठी केल्यावरच मजकूर येतो. शिवाय संध्याकाळी दोन्ही विंडो बंद केल्या तर दुसऱ्या दिवशी एकच परत येते. तीही बहुधा नको असलेली.

हे सगळे ब्राउझर बदलल्याने सुटेल का? सुटणार असेल तर कोणता ब्राउझर घ्यावा?


उत्तर १: चटकन

माझ्या मते यावर वेळ घालवू नये. फायरफॉक्स बसवा, बुकमार्क आयात करा आणि कामाला लागा. दहा मिनिटांचे काम आहे.


उत्तर २: केबलवाला

वरील सल्ल्यात फायरफॉक्सबद्दल जे सुचवले आहे त्याला माझा विरोध नाही, पण या प्रश्नाचे ते उत्तर नाही. प्रश्नातच एक धागा आहे, तो सोडून चालणार नाही: नवा ब्राउझर तीन दिवस उत्तम चालला आणि चौथ्या दिवशी बिघडला. नवीन बसवलेला कोणताही ब्राउझर सुरुवातीला उत्तमच चालतो, कारण त्याच्यापाशी आठवणी नसतात. विंडो कुठे होती, केवढी होती, तिच्यात काय उघडे होते, यातले काहीच त्याला ठाऊक नसल्याने तो मुख्य पडद्यावर निमूटपणे उघडतो. त्यामुळे ‘ब्राउझर बदलला आणि दोष गेला’ या अनुभवाला पुरावा मानता येत नाही. उलट, जुना ब्राउझर काढून पुन्हा बसवला तरी आठवणी पुसल्या जात नाहीत, कारण काढताना वेगळी खूण करून सांगितल्याशिवाय वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याच्या सेटिंग आणि नोंदींचे फोल्डर) डिस्कवर तसेच राहते. नव्याने बसवलेला ब्राउझर तेच प्रोफाइल उचलतो आणि विंडो पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवतो.

ही जागा आकड्यांत लिहिलेली असते. मुख्य पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. समजा पडदा १९२० बिंदू रुंद आहे आणि त्याच्या उजवीकडे दुसरा पडदा जोडला आहे, तर दुसऱ्या पडद्याचा डावा काठ १९२० वर सुरू होतो. दुसरा पडदा डावीकडे मांडला असेल तर त्याचे आकडे ऋण होतात. क्रोमियमच्या घराण्यातील ब्राउझर ही नोंद प्रोफाइलमधील ‘प्रेफरन्सेस’ नावाच्या फाइलीत ठेवतात. फायरफॉक्स ती ‘एक्सयूएलस्टोअर’ नावाच्या जेसन फाइलीत ठेवतो. फायरफॉक्सच्या बाबतीत ब्राउझर बंद करून ती एकच फाइल काढून टाकली की विंडोचा आकार, जागा आणि टूलबारांची दृश्यता मूळ स्थितीला येते, आणि बुकमार्क किंवा पासवर्ड यांना धक्का लागत नाही. क्रोमियमच्या फाइलीत इतर शेकडो गोष्टी एकत्र असल्यामुळे तिला हात लावू नये.

आता खरा प्रश्न असा की विंडो पडद्याबाहेर जातेच कशी? बहुतेक ब्राउझर सुरू होताना नोंदलेली जागा जोडलेल्या एखाद्या पडद्यात बसते का हे तपासतात, आणि बसत नसेल तर विंडो आत ओढून घेतात. म्हणजे दुसरा पडदा खरोखरच काढलेला असेल तर ही अडचण क्वचितच यावी. ती रोज येत असेल तर माझा संशय असा आहे की विंडोजच्या लेखी दुसरा पडदा अजून जोडलेलाच आहे आणि आपल्याला तो दिसत नाही एवढेच. आपल्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल, डॉक (अनेक तारा एकत्र जोडण्याची पेटी) किंवा टीव्ही यांपैकी काही जोडलेले आहे का? बंद ठेवलेला, पण प्लग चालू असलेला टीव्ही अनेकदा केबलवरून ‘मी आहे’ असे सांगत राहतो. विंडोज त्यावर विश्वास ठेवते आणि आपली विंडो काळ्या पडद्यावर नेऊन उघडते.

हे तपासण्यासाठी विंडोज कळ आणि पी एकत्र दाबा. ‘एक्स्टेंड’ निवडलेले दिसले तर ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ करून पाहा. सेटिंगमध्ये सिस्टम आणि त्यात डिस्प्ले उघडले की जोडलेल्या पडद्यांचे चौकोन क्रमांकासह दिसतात. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसले, तर उत्तर सापडलेच.

तोपर्यंत हरवलेली विंडो परत आणण्याचे सोपे मार्ग सांगतो. टास्कबारवरील चिन्हावर एकदा क्लिक करून विंडो निवडा आणि मग विंडोज कळ व शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. दुसरा पडदा नसेल तर ही युक्ती चालत नाही. त्या वेळी ऑल्ट व स्पेसबार एकत्र दाबावेत. विंडोचा छोटा मेनू उघडतो, त्यात ‘मूव्ह’ निवडावे, कोणताही बाण एकदा दाबावा आणि मग माउस हलवावा. विंडो कर्सरला चिकटून पडद्यात येते. ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल तर विंडो पूर्ण मोठी केलेल्या स्थितीत आहे असे समजावे आणि आधी ‘रिस्टोअर’ निवडावे. पुष्कळ ठिकाणी या मेनूत ‘मूव्ह’साठी एम दाबा असे लिहिलेले आढळते. आपण मराठीत टंकन करत असाल तर त्यावर विसंबू नका, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात एमच्या कळीवर ‘स’ आहे आणि मेनूला ‘स’ कळत नाही. बाणांनी खाली जाऊन निवडावे. काही साहाय्यक प्रोग्राम ऑल्ट-स्पेसबारची जोडीच स्वतःकडे घेतात. तसे झाले असेल तर टास्कबारवर चिन्हाच्या वर येणाऱ्या छोट्या चित्रावर उजवे क्लिक करावे, तोच मेनू तिथेही मिळतो.


ओळीमागून ओळ

आपला संशय अचूक निघाला, आणि मला थोडे ओशाळल्यासारखे झाले आहे.

महिन्यापूर्वी भाचा घरी आला होता. क्रिकेटचा सामना मोठ्या पडद्यावर पाहायचा म्हणून त्याने टीव्हीची केबल माझ्या डॉकला जोडली. चार्जिंगची तारही त्याच डॉकमधून येते. त्यामुळे मी रोज सकाळी चार्जिंगसाठी डॉक जोडते तेव्हा नकळत टीव्हीही जोडला जातो. ज्या दिवशी लॅपटॉप बॅटरीवर चालवला त्या दिवशी विंडो नीट येत असणार, आणि मी ते श्रेय बंद-चालू करण्याला देत होते. तीन दिवस नीट चाललेल्या दुसऱ्या ब्राउझरचेही गूढ उलगडले: रविवारी संध्याकाळी भाच्याने सामना त्याच ब्राउझरमध्ये लावून विंडो टीव्हीवर ओढली होती आणि सामना संपल्यावर तिथेच बंद केली होती.

काल टीव्ही चालू करून पाहिला, तर माझा शब्दकोश बैठकीच्या खोलीत बेचाळीस इंची पडद्यावर उघडलेला होता.

केबल काढली आहे. तरीही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. टीव्ही पुन्हा जोडावा लागलाच तर हे टाळता येईल का? आणि पांढऱ्या विंडोचे कारणही हेच असेल का?


केबलवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: टीव्ही जोडताना ‘एक्स्टेंड’ऐवजी ‘डुप्लिकेट’ निवडावे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र राहिले की विंडो हरवायला जागाच उरत नाही. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगखाली अनेक पडद्यांसाठी दोन पर्याय आहेत. एक, पडदा जोडलेला असताना विंडो कुठे होत्या हे लक्षात ठेवणे, आणि दुसरा, पडदा काढला की त्यावरील विंडो लहान करून टास्कबारवर ठेवणे. दोन्ही पर्याय कार्यालयात मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी सोयीचे आहेत. आपल्यासाठी दुसरा बंद ठेवणे बरे, म्हणजे केबल काढताक्षणी विंडो लॅपटॉपच्या पडद्यावर समोर येईल.

पांढऱ्या विंडोचा याच्याशी थेट संबंध नसावा. त्याबद्दल माझ्यापेक्षा अधिक माहिती असलेल्यांनी लिहावे.


उत्तर ३: मध्यरात्र

पांढऱ्या विंडोबद्दल लिहितो, कारण या एका गोष्टीवर मी माझ्या कामात बराच वेळ दिलेला आहे.

आजचे ब्राउझर पान स्वतः रंगवत नाहीत, तर ते काम ग्राफिक्स चिपकडे सोपवतात. लॅपटॉप झोपला की त्या चिपची वीज तुटते आणि जागा झाला की ड्रायव्हरला, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला, सगळे पुन्हा उभे करावे लागते. या उभारणीत गडबड झाली तर विंडो असते, तिची चौकट असते, आत क्लिकही लागू पडते, पण चित्र येत नाही. विंडो लहान-मोठी केल्यावर ब्राउझरला सगळे नव्याने रंगवावे लागते, म्हणून मजकूर परततो. आपण वर्णन केलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

क्रोमियममध्ये आणखी एक शक्यता आहे. दुसऱ्या विंडोखाली पूर्ण झाकली गेलेली विंडो रंगवत बसण्यात वीज वाया जाते, म्हणून विंडोजवर चालणारे क्रोमियम-ब्राउझर आपली विंडो झाकली गेली आहे का याचा अंदाज घेत असतात आणि झाकली असेल तर रंगवणे थांबवतात. हा अंदाज चुकला की समोर असलेली विंडोही ‘झाकलेली’ समजली जाते आणि पांढरी राहते. दोन विंडो एकमेकींवर ठेवून काम करणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. म्हणून एक साधा पर्याय सुचवतो: विंडोज कळ व डावा बाण दाबून एक विंडो डाव्या अर्ध्यात आणि उजव्या बाणाने दुसरी उजव्या अर्ध्यात बसवा. आपले काम तसेही दोन विंडो शेजारी ठेवण्याचे आहे.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी पुढील क्रम पाळावा. पुढच्या वेळी विंडो पांढरी दिसेल तेव्हा तिला हात न लावता विंडोज कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. पडदा क्षणभर लुकलुकेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होईल. उघडलेले काम जात नाही. त्याने मजकूर परत आला तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा, आणि लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर बसवावा. फरक पडला नाही, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’ या भागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय आहे, तो बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि दोन-तीन दिवस पाहावे.

हा पर्याय बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो आणि लोक तो कायमचा बंद ठेवतात. ते मला पटत नाही. तो बंद असताना सगळे रंगवण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर पडते. व्हिडिओ पाहताना पंखा घोंघावतो, बॅटरी लवकर उतरते आणि लांब पान सरकवताना ते अडखळते. तो बंद करणे ही चाचणी समजावी. दोष सापडला की मूळ जागी दुरुस्ती करून पर्याय पुन्हा चालू करावा.

आता दोनपैकी एकच विंडो परत येण्याबद्दल. हा दोष नव्हे, ठरवून केलेली रीत आहे. ‘मागच्या वेळी जिथे थांबलात तिथून पुढे’ हा पर्याय निवडलेला असला, तरी कोपऱ्यातील फुलीने आपण एक विंडो बंद करतो तेव्हा ब्राउझरच्या दृष्टीने ती आपण हेतुपूर्वक मिटवलेली असते. नंतर दुसरी बंद केली की शेवटी उघडी असलेली तेवढी ‘मागची स्थिती’ म्हणून नोंदली जाते. त्यातही पैसे भरताना उघडणारी एखादी छोटी विंडो मागे राहिली असेल आणि ती सर्वांत शेवटी बंद केली, तर दुसऱ्या दिवशी आपल्याला मिळते ती तीच. ‘बहुधा नको असलेली’ असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण हेच असावे. यावर उपाय म्हणजे फुलीने एकेक विंडो न मिटवता मेनूतील सर्वांत खालचा बाहेर पडण्याचा पर्याय वापरावा, म्हणजे सर्व विंडो एकाच वेळी नोंदल्या जातात. चुकून मिटवलेली विंडो क्रोमियममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी तिच्या सगळ्या टॅबांसह परत येते. फायरफॉक्समध्ये टॅबसाठी याच कळा आहेत, पण संपूर्ण विंडोसाठी टीऐवजी एन दाबावे. क्रोमची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन यांनी गुप्त विंडो उघडते आणि दोन ब्राउझर वापरणाऱ्याची बोटे इथे हमखास फसतात.


उत्तर ४: शाळेची लॅब

या चर्चेत माझा प्रश्न जोडण्याची परवानगी असावी. आमच्या शाळेच्या संगणककक्षात अकरा जुने संगणक आहेत, सर्वांवर विंडोज ७ आणि चार जीबी मेमरी. क्रोम उघडला की ही आवृत्ती आता अद्ययावत होणार नाही अशी पट्टी वर येते, आणि काही संकेतस्थळे अर्धवट दिसतात. या संगणकांसाठी कोणता ब्राउझर योग्य ठरेल?


उत्तर ५: तळटीप

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्र देता येणार नाही, कारण एकीकडे निवड आहे आणि दुसरीकडे नाइलाज. आधी नाइलाजाबद्दल थोडक्यात.

विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागते. क्रोमियमवर आधारलेले इतर ब्राउझरही त्याच सुमारास तिथून बाहेर पडले, म्हणून नाव बदलून उपयोग नाही. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ आधाराची आवृत्ती विंडोज ७ वर चालते. ती २०२३ च्या जुलैत आली आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा वाढवली. तात्पुरती सोय म्हणून तीच बसवावी. मात्र ज्या संगणकाच्या मूळ प्रणालीलाच दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यावर विद्यार्थ्यांनी पासवर्ड टाकू नयेत. चार जीबी मेमरीत एखादे हलके लिनक्स व्यवस्थित चालते आणि त्यावर फायरफॉक्सची चालू आवृत्ती मिळते. अकरा संगणकांपैकी एकावर आधी करून पाहावे.

आता मूळ प्रश्नकर्तीच्या निवडीबद्दल. ब्राउझर बदलताना लोक चिन्ह बदलतात आणि आतले इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, तेच राहते. क्रोममधील ब्लिंक हे इंजिन २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळे झाले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो सोडून तोच मार्ग धरला, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्यात आला. ब्रेव्ह, विवाल्डी आणि झोहो या भारतीय कंपनीचा उला हेही त्याच पायावर उभे आहेत. म्हणजे विंडो रंगवण्याचा जो दोष क्रोमियममध्ये असेल तो या सर्वांत असण्याची शक्यता आहे. मध्यरात्र यांनी सांगितलेली झाकलेल्या विंडोची गोष्ट खरी निघाली, तर एका क्रोमियम-ब्राउझरमधून दुसऱ्यात जाऊन हाती काही लागणार नाही. विंडोजवर वेगळ्या इंजिनाचा, नियमित दुरुस्त्या मिळणारा पर्याय म्हटला तर व्यवहारात गेको या इंजिनावर चालणारा फायरफॉक्स आणि त्याची भावंडे एवढेच उरतात. ॲपलच्या सफारीची विंडोजवरील आवृत्ती २०१२ नंतर पुढे आलीच नाही. म्हणून निदानासाठी दुसरा ब्राउझर हवा असेल तर तो फायरफॉक्सच असावा: तिथेही विंडो पांढरी झाली तर दोष ड्रायव्हरचा, तिथे कधीच झाली नाही तर संशय क्रोमियमवर. ‘चटकन’ यांचा सल्ला इतक्या मर्यादित अर्थाने बरोबर होता.

रोजच्या कामासाठी निवडताना मी वेगळ्या कसोट्या लावीन. आपले काम अनुवादाचे आहे, म्हणून देवनागरीपासून सुरुवात करतो. अक्षरजुळणीसाठी क्रोमियम आणि फायरफॉक्स दोघेही हार्फबझ हेच साधन वापरतात, त्यामुळे जोडाक्षरे किंवा ‘ऱ्य’ यांच्या बाबतीत आज त्यांच्यात फरक करण्यासारखे फारसे काही नाही. फरक पडतो तो फॉन्टचा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. पानाने आपली भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये जाहीर केले असेल आणि फॉन्टमध्ये ती वळणे असतील, तरच ती दिसतात. फायरफॉक्समध्ये देवनागरी लिपीसाठी स्वतंत्र फॉन्ट ठरवण्याची सोय आहे, क्रोममध्ये सर्व लिपींसाठी एकच निवड करावी लागते. दिवसभर निर्मला यूआय किंवा मंगल या विंडोजच्या फॉन्टांमध्ये वाचून डोळे थकत असतील, तर ही एक सोय मला तरी निर्णायक वाटते. मंगलमध्ये तीनशे पानांचे मुद्रितशोधन केलेल्या माणसाचे हे मत आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी कसोटी विंडो आणि टॅब यांच्या मांडणीची. क्रोममध्ये विंडोला नाव देता येते, म्हणजे ‘मूळ’ आणि ‘संदर्भ’ अशी नावे ठेवली की ऑल्ट-टॅबने जाताना गोंधळ होत नाही. विवाल्डीत एकाच विंडोत दोन-तीन पाने शेजारी लावता येतात. सवय झाली तर दुसऱ्या विंडोची गरजच संपते, आणि मग विंडो हरवण्याचा प्रश्नही. एजमध्येही एका टॅबचे दोन भाग करता येतात. फायरफॉक्समध्ये कंटेनर नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकाच संकेतस्थळावर दोन वेगवेगळ्या खात्यांनी एकाच विंडोत प्रवेश करता येतो. दोन ग्राहकांची दोन खाती सांभाळणाऱ्या अनुवादकाला ती उपयोगी पडते.

तिसरी कसोटी एक्सटेन्शनची. गुगलने एक्सटेन्शन बनवण्याची मॅनिफेस्ट व्ही२ ही जुनी पद्धत बंद केल्यापासून जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये चालत नाही, त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. फायरफॉक्समध्ये मूळ एक्सटेन्शन चालते. शब्दकोशांची काही संकेतस्थळे जाहिरातींनी इतकी भरलेली असतात की अर्थ शोधण्याआधी फुल्या शोधाव्या लागतात, म्हणून हा मुद्दा गौण मानू नये.

एज मात्र संगणकावरून पूर्ण बाद करू नये, असे मी म्हणेन. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला, तरी त्याच्याशिवाय न चालणारी काही जुनी संकेतस्थळे आणि कार्यालयांची अंतर्गत पाने शिल्लक आहेत. त्यांच्यासाठी एजमध्ये आयई मोड आहे, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. उलाबद्दलही अनेक जण विचारतात. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या भारतीय ब्राउझर-स्पर्धेत झोहोला २०२५ मध्ये पहिला क्रमांक मिळाला. गोपनीयतेवर त्याचा भर आहे, पण इंजिन क्रोमियमचेच आहे, त्यामुळे आपल्या पांढऱ्या विंडोसाठी तो वेगळा इलाज ठरत नाही.

स्थलांतराबाबत एक सावधगिरी. प्रोफाइलचे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवले की सगळे जाते, असा समज आहे. क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेल्या कूटलेखनाने ठेवलेले असतात, ते असे नेता येत नाहीत. ब्राउझरमधून पासवर्ड निर्यात केले तर साधी सीएसव्ही फाइल मिळते आणि तिच्यात सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. आयात झाल्याबरोबर ती फाइल पुसावी, आणि रिसायकल बिनमधूनही काढावी.


चटकन

फायरफॉक्स सुचवला होता तो निदानासाठी नव्हता, हे कबूल करतो. मला स्वतःला तो आवडतो म्हणून सुचवला होता.


शाळेची लॅब

तळटीप यांचे आभार. एका संगणकावर लिनक्स बसवण्यासाठी मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली आहे. उरलेल्या दहांवर तूर्त फायरफॉक्स ११५ बसवत आहे.


ओळीमागून ओळ

दहा दिवसांनी लिहीत आहे.

केबल काढल्यापासून विंडो एकदाही हरवली नाही, त्यामुळे जुना ब्राउझर काढून टाकण्याचा विचार सोडला आहे. त्याच्या शेजारी फायरफॉक्स बसवला असून संदर्भाची सगळी पाने त्यात हलवली आहेत. देवनागरीसाठी फॉन्ट बदलला आणि पहिल्याच दिवशी फरक जाणवला. मेनूतून बाहेर पडण्याची सवय अजून लागलेली नाही. आठवड्यात दोनदा हात फुलीकडे गेलाच.

पांढरी विंडो मात्र पूर्ण गेलेली नाही. मध्यरात्र यांनी सांगितलेल्या चार कळा दाबल्या तेव्हा मजकूर परत आला. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर बसवला. त्यानंतर जुन्या ब्राउझरमध्ये एकदा आणि फायरफॉक्समध्येही एकदा तसेच झाले. दोन्ही वेळा लॅपटॉप रात्रभर झोपलेला होता. दुपारी तासभर झाकण मिटवले तर काही होत नाही. यावरून पुढे काय तपासावे?


मध्यरात्र

दोन वेगळ्या इंजिनांत तेच घडले, म्हणजे ब्राउझर आता संशयातून सुटले. रात्रभर आणि तासभर यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. बरेच लॅपटॉप ठरावीक वेळ झोपल्यानंतर आपोआप हायबरनेटमध्ये (उघडे काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद होण्याच्या स्थितीत) जातात, आणि तिथून उठताना ड्रायव्हरला वेगळ्या वाटेने उभे राहावे लागते. आज रात्री झाकण मिटवण्याऐवजी स्टार्ट मेनूतून स्वतः हायबरनेट निवडा. तिथे तो पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर बटनांच्या सेटिंगमध्ये तो चालू करता येतो. पाच मिनिटांनी उठवा. विंडो पांढरी दिसली तर ड्रायव्हरची आताची आणि आधीची अशा दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक इथे लिहा. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टरखाली मिळतील.